तारेतून जाणारे अंक आणि आपले कान

गेल्या पावसाळ्यात विज्ञानावर बोलण्यासाठी आम्ही निघोज्याच्या एका शाळेत गेलो होतो. निघोजे हे खेड तालुक्यातले, देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान इंद्रायणीच्या काठी वसलेले गाव. आज ते चाकणच्या औद्योगिक वसाहतीत जवळजवळ सामावून गेले आहे. व्याख्यान आटोपल्यावर तेथील विज्ञानाच्या शिक्षकांनी एक कोटेशन आमच्यापुढे ठेवले. शाळेला देणगी मिळाली होती आणि तीतून सभागृहासाठी ध्वनिसंच घ्यायचा होता. कोटेशनमध्ये प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी दीड मीटर लांबीची एक डिजिटल केबल होती आणि तिची किंमत साध्या केबलच्या कित्येक पट होती. शिक्षक म्हणाले, "सर, याने आवाज खरेच सुधारतो का? दुकानात ऐकवले तेव्हा मलाही फरक वाटला. पण तेवढ्या पैशांत प्रयोगशाळेला चार मल्टिमीटर येतील."

'फरक पडत नाही' एवढे सांगून आम्हाला मोकळे होता आले असते. पण मग आमच्या शब्दावर विश्वास ठेवा, असे सांगितल्यासारखे झाले असते. विक्रेताही तेच सांगत होता. शिवाय चांगल्या तारेने संदेश चांगला जातो ही समजूत निराधार नाही. एके काळी ती शंभर टक्के खरी होती. ती केव्हा खरी होती आणि केव्हापासून खरी राहिली नाही, हे पाहिले की शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

तार महत्त्वाची होती तो काळ

१८५८ च्या ऑगस्ट महिन्यात आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी पहिली अटलांटिक समुद्रतार पूर्ण झाली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला. तो पलीकडे पोहोचायला सुमारे सोळा तास लागले! समुद्रातील लांबलचक तार ही एखाद्या प्रचंड धारित्रासारखी वागते. एका टोकाला विजेचा झटका दिला की दुसऱ्या टोकाला तो झटका म्हणून न येता हळूहळू चढणाऱ्या आणि हळूहळू उतरणाऱ्या लाटेसारखा येतो. एक लाट ओसरण्यापूर्वी दुसरी आली, तर दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि संदेश वाचता येत नाही.

विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी याचे गणित त्याआधीच मांडले होते. तारेची लांबी दुप्पट केली, तर विलंब दुप्पट न होता चौपट होतो, असे त्यांनी दाखवले होते. कंपनीचे विद्युत अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हे मान्य नव्हते. संदेश नीट जाईना, तेव्हा त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच सदोष असलेली ती तार काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली.

टॉमसन यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. बाजारात 'तांबे' म्हणून मिळणाऱ्या वेगवेगळ्या तारांची विद्युतवाहकता मोजली, तेव्हा त्यांत मोठी तफावत आढळली. तांब्यातील थोडीशी अशुद्धीही वाहकता बरीच कमी करते. तेव्हापासून समुद्रतारेचे तांबे मोजून, पारखून घेतले जाऊ लागले. आज महागड्या केबलच्या वेष्टनावर तांब्याच्या शुद्धतेचे आकडे ठळकपणे छापलेले असतात. त्यांच्यामागे हा खरा इतिहास आहे. फरक एवढाच की टॉमसन यांची तार तीन हजार किलोमीटरहून लांब होती आणि शाळेची दीड मीटर!

या अनुभवातून शहाणे होऊन घातलेली तार आपल्या मुंबईलाही आली. फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन ही समुद्रतार टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली. त्या तारेच्या एकेका मैलाच्या गुणवत्तेवर संदेशाचा वेग आणि कंपनीचा नफा अवलंबून होता. तेथे उत्तम तारेवर केलेला खर्च हा शहाणपणाचाच होता.

कॅसेटची नक्कल आणि पोथीची नक्कल

पुढे टेलिफोन आला, ग्रामोफोन आला, टेपरेकॉर्डर आला. या साऱ्यांत आवाजाच्या लाटेसारखीच विजेची लाट तयार होते. लाट जेवढी उंच, तेवढा विजेचा दाब जास्त. याला सदृश किंवा ॲनालॉग पद्धत म्हणतात. या लाटेच्या आकारातच सारी माहिती असते. म्हणून वाटेत तिला लागलेला प्रत्येक ओरखडा हा आवाजाचाच भाग बनतो. खरा आवाज कोणता आणि ओरखडा कोणता, हे पुढच्या यंत्राला कळत नाही. ते दोन्ही सारखेच मोठे करते.

ज्यांनी १९८० च्या दशकात भजनांच्या वा नाट्यगीतांच्या कॅसेटच्या नकला केल्या असतील, त्यांना हे सांगायला नको. मूळ कॅसेटवरून केलेली नक्कल बरी वाजे. त्या नकलेवरून केलेल्या नकलेत खरखर वाढे. चौथ्या पिढीला गायकापेक्षा खरखरच अधिक ऐकू येई. तेथे चांगली टेप, चांगली तार, स्वच्छ जोडणी यांनी निश्चितच फरक पडत असे.

आता याच्याशी पोथीच्या नकलेची तुलना करून पाहू. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सिद्ध झाली. तिच्या नकला हातांनी होत राहिल्या. एखाद्या लेखकाचे अक्षर वळणदार असेल, दुसऱ्याचे किरटे असेल. पण किरट्या अक्षरातला 'क' जर 'क' म्हणून ओळखता आला, तर पुढचा लेखक तो आपल्या वळणाने पुन्हा स्वच्छ लिहितो. आधीच्या लेखकाच्या बोरूचा दोष पुढच्या पोथीत उतरत नाही. मात्र 'घ' हा 'ध' वाचला गेला किंवा 'भ' हा 'म' वाचला गेला, तर चूक पुरी होते आणि पुढे तशीच नकलली जाते. अर्धी चूक नावाचा प्रकार येथे नाही. अशा साचलेल्या चुका निवारण्यासाठी एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. अक्षरे मोजकी आणि एकमेकांपासून वेगळी असतात, म्हणूनच अशी शुद्धी शक्य होते. कॅसेटमधली खरखर अशी 'ताडून' काढून टाकता येत नाही.

अंकीय, म्हणजे डिजिटल, पद्धत ही पोथीच्या नकलेसारखी आहे. १९३७ साली पॅरिसमध्ये काम करणारे इंग्रज अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांना हीच कल्पना टेलिफोनसाठी सुचली. आवाजाची लाट पाठवण्याऐवजी तिची उंची ठरावीक वेळाने मोजायची आणि ते मोजमाप शून्य व एक या दोनच अंकांत लिहून पाठवायचे. वाटेतील प्रत्येक केंद्राने आलेला अंक शून्य की एक एवढेच ओळखायचे आणि पुढे कोरा करकरीत अंक पाठवायचा. त्या काळच्या निर्वात नळ्यांना हे काम झेपणारे नव्हते. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२ साली, अमेरिकेत अशी टेलिफोन यंत्रणा प्रत्यक्ष वापरात आली. तिच्यात सुमारे दर १.८ किलोमीटरवर अंक नव्याने लिहिले जात. आणि तारा होत्या त्या जुन्या, साध्या टेलिफोनच्याच! वाईट तारेवरही चांगले काम व्हावे, हाच तर या पद्धतीचा हेतू होता.

दीड मीटरमध्ये काय घडते?

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचे, म्हणजे सीडीचे, आकडे घेऊ. तिच्यात आवाजाची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते. प्रत्येक मोजमाप १६ अंकांचे, आणि डावा व उजवा असे दोन मार्ग. म्हणजे ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० अंक दर सेकंदाला. चार मिनिटांच्या गाण्यात असे सुमारे ३४ कोटी शून्य-एक असतात. केबलचे काम एवढेच की हे अंक ओळखण्याजोगे पोहोचवायचे.

घरगुती डिजिटल जोडणीत शून्य आणि एक यांच्यात सुमारे अर्ध्या व्होल्टचे अंतर असते, असे सोयीसाठी समजू. ते वाटेत ०.२ व्होल्टपर्यंत घटले, तरी घेणाऱ्या यंत्राने अंक ओळखावा, अशी अपेक्षा असते. महागड्या तारेतून ०.४९ व्होल्ट आले आणि साध्या तारेतून ०.४७ आले, तरी दोन्हीकडे वाचला जातो तो 'एक'च. किरट्या अक्षरातला 'क' आणि वळणदार 'क' वाचणाऱ्याला सारखेच.

येथे एक मुद्दा विद्यार्थ्यांकडून विचार करून काढून घेण्यासारखा आहे. 'या केबलने तबल्याचा डग्गा अधिक भारदस्त वाटतो' असे कोणी म्हणाले, तर त्याचा अर्थ काय होतो? खालच्या पट्टीतील स्वर वाढवायचे, तर दर सेकंदाच्या ८८,२०० मोजमापांतील हजारो आकडे हिशेबाने बदलावे लागतील. काही वाढवावे लागतील, काही कमी करावे लागतील. केबलला हा हिशेब कोण सांगणार? कोणता अंक डग्ग्याचा आणि कोणता सारंगीचा, हे तिला ठाऊक नसते. केबल सदोष असेल, तर ती अंक आंधळेपणाने चुकवील. १६ अंकांपैकी सर्वांत मोठ्या स्थानाचा अंक उलटला, तर कानठळ्या बसवणारा 'टक्' असा आवाज येईल. सर्वांत लहान स्थानाचा उलटला, तर काहीच कळणार नाही. घरगुती जोडणीत चूक ओळखण्यासाठी एक समता-अंक असतो. चूक सापडली की यंत्र ते मोजमाप टाळते वा क्षणभर गप्प होते. म्हणून बिघडलेल्या डिजिटल केबलची लक्षणे म्हणजे टकटक, तुटक आवाज किंवा शांतता. 'थोडा कमी गोडवा' हे तिचे लक्षण नव्हे.

दुसरी बाजू

आक्षेपांनाही उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप वेळेचा आहे. अंक बरोबर आले, तरी ते क्षणभर मागेपुढे झाले तर? हा प्रश्न खोटा नाही. काही जोडण्यांत घड्याळाचा ठोकाही त्याच तारेतून येतो आणि त्यातील थरथर आवाजात उतरू शकते. पण तिचे प्रमाण पाहा. दीड मीटर तार पार करायला संकेताला एकूण वेळच सुमारे साडेसात नॅनोसेकंद लागतो. थरथर ही त्याच्या लहानशा अंशाएवढी असणार. जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सराव असलेल्या श्रोत्यांनाही संगीतातील अनियमित थरथर कळण्यासाठी ती काहीशे नॅनोसेकंदांची असावी लागली. शिवाय आजची बरीच यंत्रे आलेले अंक क्षणभर साठवून आपल्या घड्याळाच्या ठोक्यावर पुढे देतात.

दुसरा आक्षेप लांबीचा. अंकांचा वेग जितका जास्त आणि तार जितकी लांब, तितकी शून्य आणि एक यांची ओळख पुसट होत जाते. उच्च प्रतीचे चित्र नेणारी केबल सभागृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायची असेल, तर ती त्या वेगासाठी प्रमाणित असलीच पाहिजे. मजबूत खटका, नीट झाळलेली जोडणी, पायाखाली न तुटणारे आवरण यांसाठी थोडे अधिक पैसे देणेही योग्यच. पण हे पैसे टिकाऊपणाचे झाले, मंजुळपणाचे नव्हेत.

तिसरे म्हणजे, सदृश संकेत अजूनही संपलेले नाहीत. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची तार सदृशच असते. तेथेही आकडेमोड करावी. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने स्पीकर पाच मीटरवर जोडला, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.१७ ओहम भरतो. स्पीकरच्या ८ ओहमपुढे तो दोन टक्के. तांब्याऐवजी चांदी वापरली, तर वाहकता फार तर सहा टक्क्यांनी सुधारते. तोच परिणाम किंचित जाड साध्या तारेने फुकटासारखा मिळतो.

संकेत नेणारी तार खरोखर कोठे महत्त्वाची ठरते, हे पाहायला फार लांब जायला नको. चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगावला गेले की जवळच खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. आकाशातून येणारा अत्यंत क्षीण संकेत प्रत्येक ताटलीपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत काचतंतूतून सदृश रूपातच येतो आणि तेथे त्याचे अंक होतात. प्रकाशाला काचेतून एक किलोमीटर जायला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. म्हणून प्रत्येक मार्गाचा विलंब मोजून त्याचा हिशेब ठेवावा लागतो. तेथील शास्त्रज्ञ तंतूच्या गुणांकडे लक्ष देतात ते हे गुण मोजता येतात म्हणून.

आणि निघोज्यातच दुसरे उदाहरण आहे. २००९ मध्ये निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या परिसरात फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. महिंद्रचा कारखानाही निघोज्यात आहे. आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, दरवाजे यांचे छोटे संगणक एकमेकांशी अंकांत बोलतात. यासाठी सर्रास वापरली जाणारी 'कॅन' ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली मांडली. तिचा संदेश जातो तो एकमेकींभोवती पिळलेल्या तांब्याच्या दोन साध्या तारांतून. इंजिनाच्या ठिणग्यांचा उपद्रव दोन्ही तारांना सारखाच होतो आणि यंत्र त्यांच्यातील फरकच वाचते, म्हणून तो वजा होतो. प्रत्येक संदेशाबरोबर पडताळ्याचे अंक असतात. चूक आढळली की संदेश पुन्हा पाठवला जातो. ब्रेकचा संदेश ज्या साध्या तारेवर सोपवता येतो, त्याच जातीच्या तारेवर प्रार्थनेची ध्वनिफीत सोपवायला हरकत नसावी.

मग फरक का ऐकू आला?

शिक्षकांना दुकानात फरक वाटला, हे खोटे नव्हते. आपले ऐकणे कानांत संपत नाही, ते मेंदूत पुरे होते. आणि किंमत, चकाकी, विक्रेत्याचे बोलणे हे सारे मेंदूला आधीच पोहोचलेले असते. दुसऱ्यांदा तेच गाणे ऐकताना आपण पहिल्यांदा निसटलेल्या गोष्टी टिपतो आणि त्याचे श्रेय नव्या केबलला देतो. हा दोष अडाण्यांचाच असतो असे नाही. शास्त्रज्ञही त्याला बळी पडतात. म्हणूनच विज्ञानाने यावर एक उपाय शोधला: परीक्षा देणाऱ्याला उत्तर ठाऊक असता कामा नये.

इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात याचे एक गमतीचे उदाहरण दिले आहे. कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे चवीवरून ओळखते, असे म्हणणाऱ्या बाईंना आठ कप द्यायचे. चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक.

आपल्या पुण्यातही असाच एक प्रयोग झाला. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कोणत्या गटातली हे सांगितले. कोणाचीही खिल्ली न उडवता, नियम आधी ठरवून, ही परीक्षा झाली. बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के आली. नाणे उडवून ५० टक्के येतात. केबलचा दावाही याच पद्धतीने तपासता येतो.

शाळेत करून पाहावे

दोन केबली घ्याव्यात. महागडी केबल विक्रेत्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणावी. यंत्र पडद्यामागे ठेवावे. एका विद्यार्थ्याने नाणे उडवून कोणती केबल लावायची ते ठरवावे व नोंदवावे. तीच केबल पुन्हा आली, तरी काढून परत लावावी, म्हणजे वेळ आणि खडखडाट सारखाच राहील. त्याने श्रोत्यासमोर येऊ नये. गाणे तेच, आवाज तेवढाच. अशा सोळा फेऱ्या कराव्यात. 'बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर दावा विचारात घेऊ' हे सुरुवातीलाच फळ्यावर लिहून टाकावे. नुसत्या अंदाजाने बारा वा अधिक बरोबर येण्याची शक्यता ६५,५३६ त २,५१७, म्हणजे सुमारे चार टक्के. हा आकडा कसा आला ते अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. एखाद्याचे बारा आले, तर त्याला कौतुकाने पुन्हा सोळा फेऱ्यांना बसवावे. चाळीस श्रोत्यांत एक-दोघांना नशीब साथ देणारच.

आम्ही त्या शिक्षकांना एवढेच सुचवले की, कोटेशनवर सही करण्यापूर्वी दहावीच्या वर्गाकडून ही चाचणी करून घ्या आणि परीक्षेला पहिले तुम्ही बसा. निकाल काय लागेल याबद्दल आम्हाला शंका नाही, पण तो आमच्या सांगण्यावरून मानू नका. मुलांनी आपल्या शिक्षकांना, "सर, आपण तपासून पाहू," असे म्हणताना आणि शिक्षकांनी डोळ्यांवर रुमाल बांधून खुर्चीत बसताना जे शिक्षण घडेल, त्याला कोणतीच केबल लागत नाही. उरलेल्या पैशांचे मल्टिमीटर तर येतीलच. त्यांनी त्या दोन केबलींचा रोध मोजणे, हा पुढच्या तासाचा प्रयोग.